हिरवा चुडा

"हिरवी साडी काढ गो," परब मावशी म्हणाली आणि मी काढली. तोंड उघडायचं होतं तेव्हा मी पेटी उघडली, एवढाच माझा गुन्हा. बाकी लोक मला फाटक्या तोंडाची म्हणून ओळखतात. रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत कुणाला मी सोडलेलं नाही. आणि तिथे, आईच्या उशाशी, माझी दातखीळ बसली.

आई खाली सतरंजीवर होती. मरोळच्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली, दहा बाय बाराची, त्यात पंधरा बायका दाटीवाटीने उभ्या होत्या. परब मावशी शेजारची, भिंतीला भिंत लागून. माझ्या जन्माच्याही आधीपासून दोघी गाववाल्या. साडी काढ म्हणताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती, जरा जास्तच वेळ. मला वाटलं, वय झालंय, बघत बसते.

आमच्यात नवऱ्याआधी गेलेल्या बाईला हिरवी साडी नेसवतात, हातात हिरवा चुडा भरतात, कपाळभर कुंकू लावतात, ओटी भरतात. नवऱ्यामागे गेलेलीला यातलं काही नाही. आईने तिची तयारी पेटीत करून ठेवली होती. हिरवी साडी, डझनभर काचेच्या बांगड्या, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि साडीच्या घडीत चंदनाच्या साबणाची एक नवी वडी, कागदसुद्धा न फाडलेली. "बघा, शेवटच्या आंघोळीचा साबणपण ठेवला गं बाईने," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांचे डोळे भरले.

त्या आंघोळीला मी पुढे झाले तर गावाहून आलेली एक काकी म्हणाली, "तू नको हां दर्शना, तू बाजूला हो." माझा नवरा सुयोग २००९मध्ये गेला. विधवेने सवाष्णीच्या चुड्याला हात लावायचा नसतो. मी दारात जाऊन उभी राहिले. "भाग्याची गो शेवंती, अहेव गेली," बायका म्हणत होत्या. आणि त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं की आई अहेव नव्हती. बारा वर्षं नव्हती. बाबा २०११मध्येच मेले होते आणि ती बातमी मी तिच्यापासून लपवली होती.

नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुणी सैतान आहे.

माझे बाबा, गुणाजी, गिरणीत होते. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी बसली, लालबागची खोली गेली आणि आम्ही मरोळला आलो. दहा वर्षं ते इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मिळेल ते काम करत होते, पण गिरणीबरोबर त्यांचं काहीतरी मोडलं होतं ते मोडलंच. ब्याण्णवला सुरतेला मागावर काम बघतो म्हणून एक पिशवी घेऊन गेले. एक पत्र आलं. मग काही नाही. मी तेव्हा सतरा वर्षांची, नितेश अकराचा.

आईने शोक करत बसायचं काम केलं नाही, तिला वेळच नव्हता. पहाटे चारला आरेच्या दूधकेंद्रावर उभी राहायची. बाटल्या होत्या तेव्हा. एका हाताच्या बोटांत बाटल्यांच्या माना अडकवून तीन तीन बाटल्या उचलायची आणि बांगड्या कधी फुटू द्यायची नाही. मग दिवसभर पॅकिंगचं काम. रात्री आम्हाला जेवायला घालून स्वतः स्टोव्हच्या उजेडात बसून माझ्या ब्लाऊजला हुक लावायची. मला बारावी केलं, नितेशला आयटीआय. माझी जान्हवी झाली तेव्हा तिला तेल लावायला रोज दोन बस बदलून यायची. जान्हवी चालायला लागल्यावर तिला मार्वेच्या धक्क्यावरून बोटीत बसवून मनोरीला न्यायची, सुके बोंबील आणायला. बोंबील हे निमित्त. पोरीला बोट आवडायची म्हणून दोघी जायच्या आणि सगळ्या घराला वास लावून परत यायच्या.

बाबांना घर सोडून बारा वर्षं झाली तेव्हा गावाहून माणसं आली. बारा वर्षं पत्ता नसला की गवताचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि माणूस गेला असं धरतात. आईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "जित्या माणसाक जाळूक मी काय वैरीण आसंय?" चहा पिऊन ती माणसं गेली. मी मात्र त्या रात्री तिच्याशी भांडले. असल्या माणसासाठी कुंकू कशाला लावतेस, म्हटलं. ती म्हणाली, "कपाळ माझा मा?" विषय संपला.

मग सुयोग गेला. चाळीसचा नव्हता, ऑफिसमध्ये बसल्या बसल्या गेला. त्याच्या गावच्या बायका आल्या, वरवंटा घेऊनच आल्या म्हणा. माझा हात धरून उंबऱ्यावर ठेवला, बांगड्या फोडायला. जान्हवी आठ वर्षांची, बाजूला उभी राहून बघत होती. तेवढ्यात आई मधे आली. मला उठवून मोरीत नेलं, दार लावलं, माझ्या हातांना साबण लावला आणि एकेक बांगडी फिरवत फिरवत काढली. एकही फुटली नाही. मनगटाला ओरखडा नाही. काढताना ती रडत होती आणि मीही रडत होते, साबणाचा फेस दोघींच्या कोपरापर्यंत. बाहेर बायका दार वाजवत होत्या. सगळ्या काढून झाल्यावर तिने हात धुतले, पदराने पुसले आणि म्हणाली, "आता रड कितक्या रडूचा ता. मी आसंय." मला आयुष्यात कुणी एवढं जपलेलं नाही.

दोन वर्षांनी धोंडिराम आला. बाबांचा गिरणीतला दोस्त, संपानंतर तोही सुरतेलाच गेलेला. मी ओळखलंच नाही, पार वाळून गेला होता. माझ्या ऑफिसच्या गेटवर उभा होता. पाणी पितो म्हणाला आणि पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं. बाबा सुरतेला मागावरच होते सगळी वर्षं. एकटेच राहायचे. कारखान्याच्या खोल्यांमध्ये तापाने आजारी पडले आणि आठ दिवसांत गेले. कामगारांनीच सगळं केलं. "घरी का नाही आले?" मी विचारलं. तर म्हणाला, "पहिलं वर्ष कमाई नव्हती म्हणून लाजला. मग लाजेचीच सवय झाली."

"आईला मी सांगते," मी म्हटलं. धोंडिरामने नुसती मान हलवली आणि गेला. या माणसाला माझ्या ऑफिसचा पत्ता कुणी दिला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. मी रागाने आंधळी झाले होते.

ऑफिसातून थेट मरोळला गेले. जिना चढताना वाक्य तयार करत होते, आई, बाबा गेले. एवढंच म्हणायचं, बाकी आपोआप होईल. दारात पोहोचले तर परब मावशी आत बसली होती. मला बघून उठली आणि न बोलता निघून गेली. आईने केस धुतले होते, मोकळे सोडले होते. "काय गो, आज मधीच इलंस?" ती म्हणाली.

माझी नजर तिच्या हातांकडे गेली. कोपराच्या खाली मनगटभर हिरव्या बांगड्या. आणि मला आली चीड. जिवंतपणी या माणसाने हिला काय दिलं? वीस वर्षं वाट बघायला लावली. तिच्याकडे त्याचं म्हणून एक कुंकू उरलंय, आता मेल्यावर तेही घेऊन जाणार? नाही नेऊ देणार, म्हटलं. माझं गेलं, तिचं नाही जाऊ देणार.

"सहज आले," मी म्हटलं.

"सहज?" आई म्हणाली. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग केस बांधले आणि भात टाकला.

एकदा खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी खरं बोलणं दुप्पट अवघड होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज सांगू, दिवाळीनंतर सांगू, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की सांगू. बारा वर्षं गेली. पितृपक्षात अमावास्येला आई कावळ्यासाठी गच्चीवर पानं ठेवायची. पूर्वी दोन असायची, सासूचं आणि सासऱ्याचं. आता तीन दिसायला लागली. "तिसरं कुणाचं?" मी विचारलं. "ज्याचा कोण नाय तेचा," ती म्हणाली. मला वाटलं, आईचं मन मोठं.

या काळात मी बोरिवलीला फ्लॅट घेतला. लिफ्ट, चोवीस तास पाणी, खिडकीतून झाडं. आईची वेगळी खोली. जान्हवीने तिच्या आजीसाठी पडदे निवडले, बोटीचं चित्र असलेले. आई दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरली. "तुझे बाबा इले तर मरोळच्याच खोलीत येतले. दुसरो पत्तो तेंका ठाऊक नाय."

"ते नाही येणार, आई."

"तुका काय ठाऊक?"

दर वेळी हेच. मी न्यायला जायची, ती बाबांचं नाव काढायची, मी चिडून म्हणायची नाही येणार ते, आणि ती माझ्याकडे बघत विचारायची, तुला काय ठाऊक. माझ्या जिभेच्या टोकावर असायचं. मी गिळायची. मग रागाने दार आपटून खाली उतरायची, त्याच मोडक्या जिन्यावरून. आणि गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत, सकाळी, संडासला जायला आई त्या जिन्यावरून उतरत होती आणि पडली. खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला, अकराव्या दिवशी संपलं. शुद्धीत होती तोवर मला म्हणत होती, "जेवलंस काय?" छप्पन वेळा तेच.

आठवड्याने जान्हवी म्हणाली, "तू आजीला उचलून का नाही आणलंस गं मम्मी? तू सगळ्यांशी भांडतेस. तिच्याशी का नाही भांडलीस?" पोर रडत होती, तिला दोष देत नाही. पण त्या दिवसापासून माझी झोप गेली ती गेलीच. खरं सांगितलं असतं तर आईने बाबांची वाट बघणं सोडलं असतं आणि लिफ्टच्या घरात माझ्याजवळ राहिली असती. एका मेलेल्या माणसासाठी मी तिला त्या जिन्यावर बसवून ठेवलं. मी मारलं तिला. हे मी कुणाला सांगू?

वर्षश्राद्ध झालं. मग हा पितृपक्ष आला आणि नितेशचा मुलुंडहून फोन. "ताई, भटजी म्हणाले, आईचं अविधवा नवमीला करायचं. अहेव गेलेल्या बाईचं तेव्हाच करतात. एक सवाष्ण जेवायला घालायची, ओटी भरायची. परब मावशीला सांगूया ना? परब काका आहेत अजून, खोकत का होईना."

"सांगते," मी म्हटलं.

"आणि एक ऐक ना. ही नवमी बाबा असेपर्यंतच करायची म्हणे. बाबा गेल्याचं कळलं की बंद." नितेश जरासा हसला. "म्हणजे आपण मरेपर्यंत. त्यांचा पत्ता कुठे लागणार आहे?"

फोन ठेवला. म्हणजे दर वर्षी आईच्या नावाने हिरवी साडी, दर वर्षी कुंकू आणि मेल्यावरही तिने त्याच माणसाची बायको म्हणून वाट बघायची. फक्त माझं तोंड बंद आहे म्हणून. माझ्यानंतर खरं काय ते जान्हवी कुणाला विचारणार होती?

अष्टमीला संध्याकाळी मरोळला गेले. आमच्या खोलीला कुलूप होतं. परब मावशी दारात तांदूळ निवडत होती. "मावशी, उद्या नवमी आहे. आईची. सवाष्ण म्हणून जेवायला ये," एवढंच बोलले. जिन्याच्या तोंडाशीच खाली बसले. मावशीने पाणी दिलं. ते घेतलं नाही.

"मावशी, आई अहेव नव्हती. बाबा कधीच गेले. तेरा वर्षं झाली. मला माहीत होतं."

मावशीने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या खाणार. घाल शिव्या, मनात म्हटलं, मला हव्यात.

"माका ठाऊक आसा," ती म्हणाली. "तुझ्या आवशीकपण ठाऊक होता."

"आईला? कसं?" मी विचारलं.

"धोंडिराम आधी हयसरच इल्लो. तेका दुसरो पत्तो खय ठाऊक? तुझ्या आवशीक सगळा सांगल्यान. मी होतंय थय. तुझ्या हाफिसाचो पत्तो तिनाच तेका दिल्यान. म्हणाली, माझ्या पोरीक सांग. तिच्या बापाशीचा तिका कळाक व्हया. ती माका येवन सांगतली, मगे आमी दोघी रडतलंव. एकटी कशी रडू?"

"मी आले होते," मी म्हटलं. "त्याच संध्याकाळी आले होते."

"इलंस मा. ती वाटच बघी होती. न्हाऊन बसली होती. तू म्हणालंस, सहज इलंय."

"मी गेल्यावर ती रडली?"

"नाय. भांडी घासल्यान आणि झोपली."

खालून कुणीतरी बादली घेऊन वर आलं, आम्ही सरकून वाट दिली. मी विचारलं, "मग माझ्याकडे राहायला का नाही आली? बाबा येणार नाहीत हे माहीत होतं तर कुणासाठी बसली इथे?"

मावशीने सूप परत ओढलं. सुपातले खडे बोटाने एका कडेला करत राहिली. "तुका राग येतलो," ती म्हणाली. "पण तुझ्यासाठीच. म्हणायची, एका घरात र्‍हवलंव तर पोरीक रोज माझ्या तोंडार खोटा बोलूचा लागात. सुकान जातली ती. तिना माझा कुकू राखल्यान, ता मी कशाक पुसू? तिच्या मनाक वायच येळ लागतलो. सांगतली एक दिवस. म्हणान तर दर खेपेक तुका बापाशीचा विचारी, तुका काय ठाऊक, तुका काय ठाऊक."

मी भिंतीला टेकले. तिचा तो प्रश्न मला आठवत होता, दर वेळचा, आणि मी आपटलेलं दार. ती मला वाट करून देत होती आणि मी दर वेळी चिडून उठत होते.

"मग साडी काढ म्हणालीस तेव्हा तरी बोलायचंस," मी म्हटलं. "माझ्या तोंडाकडे बघत होतीस तू."

"तू बोलतलंस म्हणान बघत होतंय. तिना माका शपथ घातल्यान, पोरीच्या आधी बोलू नको." मावशीने डोळे पुसले. "आणि तो साबण. त्याच दिवशी माका दुकानात धाडल्यान. चंदनाचो घेवन ये म्हणाली, बरोसो. धोंडिराम जावन तास झालो नव्हतो. मी म्हटलंय, आता साबण कित्याक? तर म्हणाली, दर्शनाच्यो बांगड्यो मी काढलंय, माझ्यो ती काढतली. वरवंटो नको. तू सहज म्हणान परत गेलंस, तेवां वडी पेटीत ठेवल्यान. र्‍हवांदे, म्हणाली, लागतली."

त्याच वडीने तिला शेवटची आंघोळ घातली होती. कागद फाडून पाण्यात टाकला होता कुणीतरी. बांगड्या हातात तशाच होत्या, त्यांच्यावर आणखी डझनभर चढवल्या, आणि मी दारात उभी होते, बाजूला हो म्हटलं म्हणून. एकदा, एकदाच मी मोरीचं दार लावून तिचे हात हातात घ्यायला हवे होते. बारा वर्षं ती तेवढ्यासाठी थांबली होती.

"उद्या येव काय मी?" मावशीने विचारलं.

"नको," मी म्हटलं आणि तिथेच जिन्यावर बसून नितेशला फोन लावला. नवमी करायची नाही, म्हटलं. तो म्हणाला, का गं ताई, सामान आणलंय सगळं. मावशीने माझा हात धरून ठेवला होता.

"बाबा गेले," मी म्हटलं.